कोणी पाठवलंय तुम्हाला?

अलाबामातल्या मार्लोज फेरी गावात कुठल्याही बाईचे पाय सुजले, अंगावर जास्त जायला लागलं, छातीत धडधडलं, की ती आधी मिस लुवेनिया क्रचर यांच्या स्वयंपाकघरात यायची आणि मग, लुवेनियांनी सांगितलं तर, डॉक्टरकडे जायची. टेबलावर एका बाजूला मक्याच्या पावाचं काळं लोखंडी भांडं असायचं आणि दुसऱ्या बाजूला रक्तदाब मोजायचं यंत्र. आलेल्या बाईने खुर्चीत बसायचं, बाही वर करायची आणि तोंड मिटायचं.

"बोलू नकोस म्हटलं ना. बोललीस की आकडा चढतो."

"अहो मिस लुवेनिया, मी एवढंच म्हणत होते की..."

"तुझं ते 'एवढंच' ऐकून ऐकून तुझा नवरा पार मोबील शहरात पळाला. गप बस."

बाकीच्या बायका हसायच्या. लुवेनियांचे डोळे मात्र यंत्रावरून हलायचे नाहीत.

उभी हयात त्यांनी शाळेची बस चालवली होती. कुठल्या कच्च्या रस्त्याला कुठलं घर, त्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाचा फोन तोडलाय, सगळं त्यांच्या डोक्यात. समोरच्या मोठ्या आरशात मागच्या पोरांचे चेहरे बघत बघत त्यांना एक सवय लागली होती. माणूस काय बोलतोय ते नंतर, बोलताना त्याच्या चेहऱ्याचं काय होतंय ते आधी बघायचं. ही सवय बसची नोकरी सुटल्यावरही सुटली नाही. पाद्रींनी प्रवचनात दानाचा विषय काढला, तरी मिस लुवेनिया डोकं एका बाजूला कलतं करून त्यांच्याकडे अशा बघायच्या, की बिचाऱ्यांची वाक्यं अडखळायची.

गाव त्यांना संशयी म्हणायचं आणि त्या ते नाकारत नसत. त्यांची मावशी टेम्पी सतरा वर्षांची असताना पोट दुखतं म्हणून जिल्ह्याच्या इस्पितळात गेली. अपेंडिक्स काढलं असं सांगून तिला घरी पाठवलं. लग्न झालं, वर्षं गेली, मूल होईना. पुढे दुसऱ्या गावच्या डॉक्टरने तपासलं तेव्हा कळलं, की त्या वेळी तिची पिशवीच काढून टाकली होती. तिला कोणी विचारलं नव्हतं, की सांगितलंही नव्हतं. मावशीला हाताला धरून इस्पितळात घेऊन गेलेली नर्स आपल्यातलीच होती, काळीच, आणि मावशी मरेपर्यंत तेच सांगत राहिली: "किती गोड बोलत होती गं."

मग शार्लिन. लुवेनियांची एकुलती एक मुलगी. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी डोकं फुटतंय म्हणाली. लुवेनियांनी तिला परत इस्पितळात नेलं. तिथल्या माणसाने तिच्याकडे नीट बघितलंही नाही, रक्तदाबही मोजला नाही. म्हणाला, नव्या आया रडतातच, गोळी घे आणि झोप. ती झोपली. दुपारी तिला झटके आले आणि संध्याकाळपर्यंत संपली. तान्ही नात लुवेनियांनी वाढवली. आता ती अटलांटाला नोकरी करते आणि दर रविवारी फोन करून आजीला विचारते, "आजी, तुझं स्वतःचं प्रेशर मोजलंस का?"

शार्लिनला पुरल्यावर लुवेनियांनी रक्तदाबाचं यंत्र विकत घेतलं. पुढे चर्चच्या सभागृहात महिन्याच्या पहिल्या रविवारी बायका जमायला लागल्या आणि त्या मंडळाला नावही तेच पडलं, पहिला रविवार. कोणाला तपासायला जायचं असेल तर चर्चची जुनी गाडी काढायची, मिस लुवेनियांनी चालवायची. आणि तपासणीच्या खोलीत त्या बाईबरोबर मंडळाची एक जण बसणार. डॉक्टर म्हणाले बाहेर थांबा, तरी बसणार. यावरून लुवेनियांची इस्पितळात इतक्यांदा भांडणं झाली, की तिथले लोक त्यांना बघितल्यावर न सांगता दुसरी खुर्ची आणून ठेवायला लागले.

अशा बाईच्या गावात त्या वसंतात डॉक्टर जॅनिस टोलिव्हर येऊन दाखल झाली.

बियाण्याचं बंद पडलेलं दुकान रंगवून तिथे दवाखाना उघडला. पाटी लागली. गावात आजवर डॉक्टर नव्हता. इस्पितळ जिल्ह्याच्या गावी, गाडीने तासभर लांब. त्यामुळे बायकांना आनंद झाला, आणि डॉक्टर काळी, तरुण, बाई, हे बघून तर जास्तच. पहिल्या रविवारी ती सभागृहात आली. हातात केक. केक दुकानातला.

लुवेनियांनी आधी केक बघितला, मग तिचे बूट, मग तिचा चेहरा.

"कुठल्या तुम्ही?"

"क्लीव्हलँडची. ओहायो."

"तिथे आजारी बायका संपल्या?"

टोलिव्हर हसली. "नाही, भरपूर आहेत. पण तिथे डॉक्टरही भरपूर आहेत. इथे कोणीच नव्हतं."

"कोणी पाठवलंय तुम्हाला?"

"जिल्ह्याच्या इस्पितळाने. दवाखाना त्यांचाच आहे, मी त्यांची नोकर."

झालं. लुवेनियांनी पुढचं काही ऐकलं नाही. परतताना त्यांची मैत्रीण अर्नेस्टाइन गाडीत म्हणाली, "पोरगी चांगली वाटली."

"टेम्पी मावशीलाही नर्स चांगलीच वाटली होती."

"अगं, ही आपल्यातली आहे."

"म्हणून तर पुढे केलीय. गोरा पाठवला असता तर आपण दार तरी नीट लावून घेतलं असतं."

"तू ना लुवेनिया, स्वर्गाच्या दारात उभी राहिलीस तरी आधी कुलूप तपासशील."

"तपासीन. आणि आत जाशील तेव्हा तूच माझे आभार मानशील."

लुवेनियांनी बायकांना अडवलं नाही, पण बरोबर बसणारी बाई पाठवली. टोलिव्हरने काहीच हरकत घेतली नाही, उलट खुर्ची स्वतः पुढे सरकवली. हेही लुवेनियांना खटकलं. इतकी वर्षं भांडून मिळवलेली खुर्ची कोणी आपणहून देतं, म्हणजे त्यामागे काहीतरी असणार.

आणि मग लाट्रिसने ती गोष्ट सांगितली.

लाट्रिस पहिलटकरीण, वीस-एकवीसची, आजीजवळ राहायची. आजीचं नाव मिस ओडेल. लाट्रिसचा नवरा तेलविहिरीच्या फलाटावर कामाला, महिनोन्‌महिने समुद्रात. ती लुवेनियांच्या टेबलाशी बाही वर करून बसली होती.

"डॉक्टरांनी मला विचित्रच काहीतरी विचारलं."

"काय?"

"घरात गाडी आहे का. कोणाची आहे. रात्री कोणी चालवू शकतं का. माँटगोमेरीला जायला किती वेळ लागेल, कधी गेले आहे का."

लुवेनियांनी पट्टा सोडला. "माँटगोमेरी? इस्पितळ तर इकडे आहे. इतक्या लांब माँटगोमेरी शहरात कशाला जायचंय तुला?"

"तेच मीपण म्हटलं."

त्यांनी इतर बायकांना विचारलं. सगळ्यांना तेच विचारलं होतं. पोट दुखतं म्हणून गेलेल्या एकीच्या सासूबाईंनासुद्धा. डॉक्टरला नाडी हवी, लघवी हवी, रक्त हवं, हे लुवेनियांना समजत होतं. डॉक्टरला गाड्या कशाला हव्यात?

त्यानंतरच्या आठवड्यात त्या आणि अर्नेस्टाइन दवाखान्यासमोरच्या पेट्रोलपंपावर अर्नेस्टाइनची गाडी लावून बसायला लागल्या. मांडीवर उकडलेल्या शेंगांची पिशवी. अर्नेस्टाइनला यात मजा यायची.

"पोलिसांनी विचारलं तर काय सांगायचं?"

"शेंगा खातोय म्हणून."

"दोन दिवस?"

"सावकाश खातोय."

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी एक लांब निळी गाडी येऊन थांबली. उतरले मिस्टर हॅस्केल, इस्पितळाचे व्यवस्थापक. त्यांना लुवेनिया चांगल्या ओळखत होत्या, खुर्चीवरून सगळ्यात मोठं भांडण त्यांच्याशीच झालं होतं. बरोबर आणखी एक माणूस, हातात मोजायची फीत. त्याने मागची भिंत मोजली, दार मोजलं. टोलिव्हर बाहेर आली. हॅस्केलनी तिच्या पाठीवर थाप मारली. ती हसली.

"बघितलंस?" लुवेनिया म्हणाल्या.

अर्नेस्टाइनने शेंगेचं टरफल खिडकीबाहेर टाकलं.

पुढच्या पहिल्या रविवारी लुवेनियांनी उभं राहून सांगितलं, "काय चाललंय ते मला अजून कळलेलं नाही. पण काहीतरी चाललंय. कळेपर्यंत त्या दवाखान्यात जाऊ नका. ज्यांना जायचंय त्यांना मी इस्पितळात नेईन."

मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "पण मिस लुवेनिया, तिने माझी साखर पकडली. दुसऱ्या कोणी पकडली नव्हती."

"मान्य आहे. आधी गोड बोलतात, मग पिशवी काढतात."

तिथे बसलेल्या प्रत्येकीच्या घरात एक टेम्पी मावशी होती. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याच्या दारातली रांग आटली. टोलिव्हर स्वतः लुवेनियांच्या घरी आली, पायरीवर उभी राहून म्हणाली, "माझं काही चुकलं असेल तर सांगा. लाट्रिसचं प्रेशर मागच्या वेळी वर होतं. तिला आठवड्याला बघायला हवं."

"मी बघते तिचं प्रेशर."

"नुसतं प्रेशर नाही, मिस लुवेनिया. रक्त बघायला हवं."

"तिला मी इस्पितळात नेते." आणि जाळीचं दार लागलं.

इस्पितळात त्यांनी तिला नेलं खरं, एकदा. दुसऱ्या वेळी तिथल्या बाईने फोनवर सांगितलं, तपासणीची वेळ मोकळी नाही, पुढच्या आठवड्यात बघू. लुवेनियांना तेव्हाच काहीतरी डाचलं होतं. पण त्यांचं सगळं लक्ष रंगवलेल्या दुकानाकडे लागलेलं.

ऑगस्टमधली दुपार होती. रस्त्याचं डांबर मऊ झालेलं. मिस ओडेलचा फोन आला.

"लुवेनिया, पोरीचं डोकं फुटतंय गं. म्हणते डोळ्यांपुढे चमकतंय. आणि तिचा चेहरा बघवत नाही, असा सुजलाय."

लुवेनिया कशा पोहोचल्या ते त्यांना नंतर आठवेना. लाट्रिस पलंगाच्या कडेला डोकं धरून बसली होती. लुवेनियांनी यंत्राचा पट्टा बांधला. आकडा आला. त्यांनी पुन्हा मोजला. तोच आला. त्यांनी तो ओडेलला सांगितला नाही.

रुग्णवाहिकेला फोन केला. जिल्ह्यात एकच, आणि ती दुसऱ्या टोकाला गेलेली. इस्पितळ तासभर लांब. रंगवलेलं दुकान पाच मिनिटांवर.

"चल बाळ," लुवेनिया म्हणाल्या. "ऊठ. माझ्या खांद्यावर हात टाक."

ओडेलने विचारलं, "कुठे?"

लुवेनियांनी लाट्रिसला चर्चच्या गाडीत बसवलं. ओडेलही गाडीत चढली.

टोलिव्हर दवाखान्यात एकटीच होती. पंखा चालू, खुर्च्या रिकाम्या. लाट्रिसला बघताच ती उठली आणि पुढची काही मिनिटं तिने लुवेनियांकडे मान वर करून बघितलं नाही. पलंगावर घेतलं, शीर शोधली, सुई लावली. मग हातात एक बाटली घेऊन थांबली.

"हे मॅग्नेशियम आहे. तिला झटके येऊ नयेत म्हणून. लाट्रिस, तुला चालेल? मिस लुवेनिया, तुम्ही सांगा."

"दाखवा."

टोलिव्हरने बाटली त्यांच्या हातात दिली. लुवेनियांनी त्यावरचं नाव वाचलं. नावावरून काय कळणार होतं? आत काहीही असू शकत होतं. पलंगावर लाट्रिसची बोटं आपोआप उडायला लागली होती, आणि तसं बोटांचं उडणं लुवेनियांनी आयुष्यात एकदाच बघितलेलं.

"द्या," त्या म्हणाल्या. "लवकर द्या."

लाट्रिसनेही मान हलवली. औषध चढायला लागलं. टोलिव्हर म्हणाली, "इथे बाळंतपण करता येणार नाही. इस्पितळात न्यायला हवं, आणि आत्ता."

मग चर्चच्या गाडीत मागच्या सीटवर लाट्रिस, तिचं डोकं आजीच्या मांडीवर, आणि टोलिव्हर सलाईनची पिशवी एका हाताने वर धरून गुडघ्यांवर. लुवेनिया चालवत होत्या. इतकी वर्षं त्या या रस्त्यावर पोरं घेऊन संथ गतीने गेलेल्या. आज पाय दाबलेलाच राहिला. पण त्यांचे डोळे पुनःपुन्हा वरच्या आरशाकडे जात होते.

"गाड्यांचं का विचारत होतात बायकांना?"

"आत्ता हे..."

"आत्ताच. का विचारत होतात?"

टोलिव्हरने हात बदलला. "हॅस्केल म्हणाले, ज्यांच्याकडे गाडी नाही त्या बायकांना मोठ्या तपासण्यांसाठी माँटगोमेरीला न्यायला मोफत वाहन सुरू करायचंय. किती जणींना लागेल ते कळायला हवं. मला बरं वाटलं. मी सगळ्यांना विचारलं."

"आणि भिंत कसली मोजत होते?"

"तुम्हाला कसं कळलं?" मग तिच्या लक्षात आलं. "शेंगा. तरीच पंपावर तुम्ही दोघी... दवाखाना वाढवणार म्हणाले. आणखी खोल्या."

"कसल्या खोल्या?"

"ते नाही सांगितलं."

"आणि तुम्ही नाही विचारलं?"

लाट्रिस कण्हली. टोलिव्हरने तिच्या पोटावर हात ठेवला आणि बदललेल्या आवाजात म्हणाली, "कळा सुरू झाल्यात. जरा जोरात घ्या, मिस लुवेनिया."

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर बाळंतिणींचा विभाग. लुवेनियांना तिथल्या लादीवरची भेगसुद्धा पाठ. लिफ्टचं दार उघडलं तर समोर अंधार. दिवे बंद. काचेच्या दाराला साखळी आणि कुलूप. आत भिंतीशी बाळांचे छोटे पलंग एकावर एक रचून ठेवलेले.

खालून पहारेकरी धावत वर आला. "मॅडम, हा विभाग सोमवारपासून बंद झाला. बाळंतपणासाठी आता माँटगोमेरीला जायचं. खाली कागद लावलाय."

लुवेनिया वळल्या. त्यांनी पहारेकऱ्याकडे बघितलं नाही. त्यांनी टोलिव्हरचा चेहरा बघितला, जसा त्या मागच्या बाकावरच्या पोराचा बघायच्या. टोलिव्हरचं तोंड उघडं राहिलं होतं. ती त्या पलंगांकडे बघत होती. गालावरचा रंग उतरला आणि मग कानापर्यंत चढला. हे खोटं करता येत नाही, लुवेनियांना वाटलं. किंवा येत असेल, तर ही फारच तरबेज आहे.

पण विचार करायला सवड नव्हती. टोलिव्हरने लाट्रिसची चाकांची खुर्ची गर्रकन फिरवली आणि परत लिफ्टमध्ये घुसली. अपघात विभागात एक थकलेला म्हातारा गोरा डॉक्टर होता. तो हात पुढे करून म्हणाला, "आम्ही बाळंतपणं घेत नाही आता."

"तुम्ही घेऊ नका, मी घेते. मला पलंग द्या, दोन नर्स द्या आणि बाजूला व्हा."

"डॉक्टर, तुम्हाला इथे परवानगी..."

"मी याच इस्पितळाची नोकर आहे! उद्या काढून टाका. आत्ता पलंग द्या."

टोलिव्हर इतक्या मोठ्याने ओरडू शकते हे लुवेनियांना माहीत नव्हतं. बहुतेक टोलिव्हरलाही नसावं. म्हाताऱ्या डॉक्टरने एकदा लाट्रिसकडे बघितलं आणि गुपचूप पडदा बाजूला केला. नंतर तोच टोलिव्हरला हवं ते काढून देत राहिला.

लुवेनिया लाट्रिसच्या उशाशी होत्या. कोणी त्यांना बाहेर जा म्हटलं नाही. मुलगी झाली, दोन तळहातांवर मावेल एवढी, निळसर. ती रडेना. मग रडली. ओडेलने भिंतीला टेकून चेहरा झाकला. आईला आणि बाळाला हेलिकॉप्टरने माँटगोमेरीला नेलं तेव्हा ऊन अजून होतं; ओडेल एका नर्सच्या गाडीतून त्यांच्या मागे गेली.

बाहेरच्या कट्ट्यावर टोलिव्हर बसली होती. अंगरख्याला रक्त. लुवेनिया तिच्यापासून थोडं अंतर ठेवून बसल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"हे मी खरं का मानायचं?"

टोलिव्हरने हातावरचं रक्त अंगरख्याला पुसलं. "नका मानू. तुमच्या जागी मी असते तर मीही मानलं नसतं." मग म्हणाली, "माझा दवाखाना दाखवून ते म्हणणार, त्या गावाची सोय झाली. आणि मी जमवलेली उत्तरं दाखवून म्हणणार, बायकांकडे गाड्या आहेत, जातील माँटगोमेरीला. हो ना?"

"मला काय विचारता? तुम्हीच त्यांचं माणूस."

ते बोलणं टोलिव्हरला लागलं, हे लुवेनियांना दिसलं. त्यांनी ते परत घेतलं नाही. पण घरी जाताना तिला गाडीत मागे नाही, पुढे बसवलं. एका वळणावर लुवेनियांच्या मनात आलं, की पायरीवर उभी राहून ही पोरगी रक्त बघायला हवं म्हणत होती, आणि आपण दार लावलं. आपला संशय खरा निघाला, पण तो आपण भलत्याच माणसावर खर्च केला, आणि त्या बदल्यात ओडेलची नात जवळजवळ गेली होती. त्यांना गाडी कडेला घ्यावी लागली.

पुढच्या आठवड्यात न्यायालयाच्या इमारतीत इस्पितळाची जाहीर सभा झाली. पहिला रविवार मंडळाच्या बायका चर्चला जायच्या ठेवणीतल्या टोप्या घालून दोन रांगा भरून बसल्या. हॅस्केलनी सुरुवात केली. खर्च परवडत नाही, बाळंतपणं कमी झालीत, कोणाची गैरसोय होणार नाही. "मार्लोज फेरीत आम्ही डॉक्टर दिलाय. आणि तिथल्या बायकांशी आम्ही बोललोय. बहुतेकींकडे वाहन आहे."

टोलिव्हर उभी राहिली. "त्या बायकांशी मी बोलले आहे, मिस्टर हॅस्केल, तुम्ही नाही. आणि तुम्ही मला वेगळं कारण सांगितलं होतं. वाहन आहे म्हणजे नवऱ्याचं आहे, आणि नवरा समुद्रात आहे. वाहन आहे म्हणजे शेजाऱ्याचं आहे, आणि त्यात पेट्रोल नाही. हे सगळं मी तुम्हाला कळवलं होतं. ते तुम्ही आज वाचलं नाहीत."

मग लुवेनिया उठल्या. त्यांनी भाषण केलं नाही. हॅस्केलकडे मान कलती करून बघत त्या म्हणाल्या, "सोमवारी बंद केलंत. आम्हाला आज सांगताय. मधल्या दिवसांत एक पोरगी तुमच्या कुलपापाशी मरायला आली होती. कोणती बाई मरेपर्यंत तुम्ही सांगायचं लांबवणार होतात?"

हॅस्केल पाणी प्यायले.

विभाग काही पुन्हा उघडला नाही. वर्षभर भांडल्यावर मंडळाला दोन गोष्टी मिळाल्या. एक रुग्णवाहिका कायमची मार्लोज फेरीत उभी राहायला लागली, आणि अपघात विभागात बाळंतपण घेऊ शकणारं माणूस ठेवणं इस्पितळाला भाग पडलं. एवढ्याने लुवेनियांचं समाधान झालं नाही. त्या अजून दर सभेला जातात. टोलिव्हरची नोकरी सभेच्याच आठवड्यात गेली होती. दवाखान्याला टाळं लागलं तेव्हा बायकांनीच म्हटलं, तिला इथेच ठेवू, चर्चच्या मागच्या खोल्या देऊ.

लुवेनियांनी लगेच हो म्हटलं नाही. आधी क्लीव्हलँडला फोन लावून टोलिव्हरच्या आईला गाठलं.

"मी अलाबामातून बोलतेय. तुमची मुलगी लहानपणी खोटं बोलायची का?"

पलीकडची बाई आधी घाबरली, मग तिला राग आला, मग ती म्हणाली, "एकदा. पियानोच्या शिकवणीला जाते सांगून सिनेमाला गेली होती."

"पकडली कशी गेली?"

"रात्री स्वतःच रडत येऊन सांगितलं."

"हं," लुवेनिया म्हणाल्या. दोघी बायका मग तासभर गुडघेदुखीवर बोलत बसल्या.

त्या रविवारी लुवेनियांनी मंडळापुढे सांगितलं, "मीच तुम्हाला जाऊ नका म्हटलं होतं. लाट्रिस माझं ऐकून घरी बसली. आता मी सांगते, जा. बरोबर कोणीतरी न्या, पण जा." ओडेल पहिल्या बाकावर बसली होती. या विषयावर तिने पुढे कधीच तोंड उघडलं नाही, आणि लुवेनियांना ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

लाट्रिसच्या मुलीच्या नामकरणाला सकाळी चर्चच्या सभागृहात सगळ्यांचं खाणं होतं. तळलेला मासा, मक्याच्या गरम कण्या, त्यावर लोणी आणि मीठ, गावात दुसरं काही कोणी घालत नसे. बाळ हातोहात फिरत होतं. अर्नेस्टाइन आणि लुवेनिया एका टेबलाशी बसल्या होत्या, समोर टोलिव्हर. तिने कण्यांची ताटली पुढे ओढली, लोणी कालवलं, आणि मग साखरेचं भांडं उचलून दोन चमचे साखर वरून घातली.

लुवेनियांचा हात हवेत थांबला.

"हे काय करताय?"

"साखर. आमच्याकडे असंच खातात."

लुवेनियांनी हळूच अर्नेस्टाइनकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "कण्यांवर साखर! आणि हिच्या आईने मला हे फोनवर सांगितलं नाही."

"मग? काढून टाकायची का तिला?" अर्नेस्टाइनने विचारलं.

"बघू," लुवेनिया म्हणाल्या आणि मिठाचं भांडं टोलिव्हरच्या ताटलीजवळ सरकवून, ती काय करते ते बघत बसल्या.